श्रावणातली मासोयी

५ जुलै, शनिवार

आचल,

ही पन्नी उघडशीन तं मासोयीचा वास येईन. नाक मुरडू नको. ढिवराच्या घरी लगन करताना वास नाई आला, तं आता काऊन यावा?

मी तुही आई. अक्षर ओळखू येते का नाई कोण जाणे, आपल्याले बोलून दोन पावसाळे झाले. फोन करता येत नाई. नाल्यापल्याड तुमच्या टोलीवर रेंज नाई, अन् आपल्या घरचा फोन तुह्या बापूजीच्या खिशात ऱ्हायते. कोणाले लावला, काऊन लावला, सारं पाह्यतात. म्हणून सोमारीच्या टोपलीतून पाठवून राह्यली. ही सोमारी तुमच्या टोलीची हाये, हे मले आत्ता आखाडात समजलं. झिंग्याचा भाव करता करता ती बोलून गेली, "आमच्या मिथुनची बायको आता भरत आली बाई." मी झिंग्याचा वाटा हातात धरून तशीच उभी. मिथुनची बायको म्हणजे माही पोट्टी! नवव्या महिन्याची गोष्ट मायले मासोयीवालीकडून समजावी? तुले लाज नाई वाटली का व? मले वाटली. आत जाऊन रडली, अन् बापूजीले सांगतलं, कांदा कापला.

बरं, आता कामाचं. दवाखान्यात न्यायची पिशवी आतापासून भरून ठेवाची. ऐन टायमाले काई सुचत नाई, अन् बाप्ये लोक तं लुगडं आण म्हटलं का उशी आणतात. तुह्याजवळ काय हाये काय नाई मले माहीत नाई, म्हणून मीच थोडं थोडं पाठवते. सोमारीच्या टोपलीत एका वेळी जास्त मावत नाई. खताच्या चुंगडीची पिशवी शिवली हाये, वरून पाणी पडलं तरी आत जाणार नाई. आज ती पिशवी, माह्या लुगड्याची फडकी अन् दोन दुपटी.

बाळासाठी नवं काई आणू नको. दुकानातली टोपरी पाहून तुले मोह होईन, पण जल्माच्या आधी नवं कापड घरात येऊ द्याचं नसते. पहिलं कापड जुनं पाहिजे अन् माहेरचं पाहिजे. आपल्या घरी सगळ्यात मऊ म्हणजे तुह्या बापूजीचं जुनं धोतर. धुवून धुवून लोण्यासारखं झालं. काल दांडीवरून काढलं अन् टरकन फाडलं. त्याचीच ती दुपटी होत. सकाळपासून विचारून राह्यले, "धोतर कुठी गेलं?" म्हटलं, गाईनं खाल्लं. तवापासून गाईकडं पाहून राह्यले.

दवाखान्याचं कार्ड अन् आधार कार्ड पन्नीत गुंडाळून सगळ्यात वर ठेव. अन् एक सांग. सोमारी म्हणे, तुह्या पायात आता चप्पल जात नाई. सूज हाये का? खरं लिही. मी तुह्यावर रागावलीच हाये, तं आणखी काय रागावणार.

आई


११ जुलै, शुक्रवार

आचल,

मी पानभर लिहिलं अन् तू काय पाठवलं? "बरी हाये म्हणून सांग." बस? सोमारीच्या तोंडी? तुले लिहाले वाचाले शिकवलं ते काय फुकट गेलं का?

पण सोमारीचं तोंड काई माह्या काबूच्या बाहेर नाई. मरळ घेतला, वरून चहा पाजला, तवा तिनं सारं ओकलं. सूज पायावर हाये, हातावर हाये, सकाळी तोंडावर पण येते. आशाताई रीता येऊन बीपी पाहून गेली, ते वाढलं हाये. ती म्हणाली, नाल्याले पूर यायच्या आधीच चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन ऱ्हाय. कळा यायची वाट पाहू नको. अन् तुह्या सासूनं सांगतलं, "माहेरचं माणूस आल्याशिवाय मी नाई नेऊ देत."

मले भागीरथाबाईचा राग आला. लय आला. मंग मासोयी निवडता निवडता उतरला. ती काय चुकीचं बोलली? पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आपल्याच लोकांनी ठरवलं. त्यात तुह्या बापूजीनं लग्नाच्या वेळी ठाण्यात जाऊन मिथुनच्या नावानं रिपोट देली. तू मोठी होती, तू सांगतलं मी माह्या मनानं गेली, म्हणून सुटला तो. ती बाई आता भेते. मोठ्या दवाखान्यात पोट फाडा लागलं, कमी-जास्त झालं, तं पोरीचा बाप माह्या पोराले पुन्हा ठाण्यात नेईन. तिचं भेव खरं हाये. पण तिच्या भेवापायी तू घरात सुजत बसशीन, हे मले चालणार नाई.

तू मिथुनले सांग. तो तुहा नवरा हाये. म्हणा, आई म्हणते ने.

आज पाठवते: ओवा, शोप, पेला-चमचा, माहं एक ढिल्लं गाऊन. खोबऱ्याचं तेल पाठवत होती, पण शिशी टोपलीत सांडली तं मासोयी सोमारीच्या घरीच तळली जाईन.

इकडं निराळीच गंमत. आठवड्यात तीनदा रस्सा होऊन राह्यला, तं काल ताटावर बसून बापूजी म्हणतात, "आजकाल मासोयी लय होऊन राह्यली. तुले काय डोहाळे लागले का?" मी हसली अन् घास घशात अडकला. त्यायनंच पाणी देलं.

सुजेचं हलक्यानं घेऊ नको. मले माहीत हाये सूज म्हणजे काय. कधीतरी सांगीन.

आई


१७ जुलै, गुरुवार

आचल,

पिशवी परत आली.

सोमारीनं पानं बाजूला केली अन् माही चुंगडीची पिशवी बाहेर काढली. मले वाटलं तू काई पाठवलं. उघडून पाह्यलं तं फडकी, ओवा, गाऊन, धोतराची दुपटी, सारं घडी करून जसंच्या तसं. अन् वहीच्या कागदावर एक ओळ. "आई, पिशवी नको. तू ये."

असा राग आला का पिशवी तशीच चुलीत टाकावी. कोणाची पोरगी असा हट्ट करते? डोक्यावर पाणी आलं अन् हिचा मान सुटत नाई! मंग ध्यानात आलं का बापाची पोरगी हाये. तो तिकडं हटत नाई, ही इकडं हटत नाई, अन् मी मधात मासोयी तळून राह्यली.

येऊ कशी, सांग. वावरात धानाचा रोवणा सुरू हाये. बायांचा चहा, भाकर, सारं माह्यावर. बापूजीनं तुह्या लग्नाच्या दिवशी देवापुढं हात ठेवून सांगतलं होतं का या घरातून त्या घरी जो जाईन तो परत येणार नाई. तुले माहीत हाये, तो माणूस बोलला का बोलला. आंब्याच्या झाडावरून मोठ्या भावाशी बोलणं सोडलं, तं भाऊ मेला तवाच तोंड पाह्यलं. ह्या वयात मी कुठी जाऊ? माह्या भावाच्या घरी पडवीत झोपू का?

हे लिहिलं अन् वाचून पाह्यलं. भाकर अन् रोवणा. माहं मलेच कसंतरी वाटलं. पण खोडत नाई, कागद एकच हाये.

मले भेव वाटते आचल. हेच खरं हाये. बापूजीचं भेव वाटते अन् त्याहून जास्त तुह्या सुजेचं वाटते. दोन्ही भेव घेऊन मी रांधून राह्यली, अन् काल भातात दोनदा मीठ पडलं.

पिशवी पुन्हा पाठवत नाई. माह्याजवळ ठेवते. डोकं दुखते का? डोळ्यापुढं अंधारी येते का? पोटात बाळ फिरते का? एवढं तरी सांग. हट्ट मंग कर.

आई


२४ जुलै, जिवती

आचल,

आज जिवती, आखाडातली आवस. सकाळीच जाळंवाला ढिवर आला होता. दरसालसारखं त्यानं घरातल्या साऱ्यांच्या डोक्यावर जाळं टाकलं, म्हणजे रोगराई, नजर, सारी जाळ्यात अडकते अन् माणूस सुटते. मी सुपात तांदूळ देले. तुले आठवते का, तू लहान होती तवा मिथुनचा बाप यायचा जाळं घेऊन. तू जाळ्यात बसून "मी मासोयी, मी मासोयी" म्हणून बोंबलायची अन् बापूजी पोट धरून हासायचे. आज जाळं डोक्यावरून उतरलं अन् मी त्यायच्याकडं पाह्यलं. ज्याचं जाळं आपल्या पोरीच्या डोक्यावर चालते, त्याचं पोरगं उंबऱ्यात काऊन चालत नाई, हे तोंडात आलं होतं. नाई बोलली. सणाचा दिवस.

सोमारीनं खबर सांगतली. बीपी आणखी वाढलं. रीता रोज येते, भांडते, अन् तुही सासू दारात बसून रडते पण हो म्हणत नाई. अन् तू म्हणते, आई येईन तवा जाईन. बाई, तू कोणाले शिक्षा करून राह्यली?

मंग आता सांगतेच. तुले भाऊ होता. तुह्या आधीचा. पहिलं माहं बाळंतपण, माहे असेच पाय सुजले होते, डोकं फुटून राह्यलं होतं. तुही आजी म्हणे, पहिली खेप हाये, माहेरचं माणूस येऊ द्या, त्यायची पोरगी त्यायनं न्यावी. बापूजी आईपुढं गप. माह्या भावाले सांगावा गेला. तो निघाला तं नदीले पूर. तिकडच्या काठावर बसून राह्यला बिचारा. मी घरातच पडली, मले झटके आले, अन् पोरगा आला तो रडलाच नाई. काया निया झाला होता. मले नंतर सांगतलं, मी पाह्यला पण नाई. बापूजीनंच नेला त्याले नदीवर, एकट्यानं.

ह्या घरात ह्याची गोष्ट कोणी काढत नाई. तू होणार तवा बापूजीनं कोणालेच नाई विचारलं, महिनाभर आधी बैलगाडीत टाकून मले दवाखान्यात नेऊन बसवलं. म्हणून तू हाये. तो माणूस असा पण हाये. आता काऊन असा झाला, मले नाई समजत.

उद्यापासून श्रावण. सोमारी आमच्या गल्लीत येणार नाई. श्रावणात कुणब्याच्या दारात मासोयीची टोपली आली तं लोक अंगावर धावतात. म्हणजे महिनाभर माह्या घरी तुही खबर नाई. म्हणून नीट ऐक. डोकं लय दुखलं, डोळ्यापुढं चमकलं, पोटात वर दुखलं, तं सोमारीले पाठव. श्रावण असो का एकादशी असो. तिनं फक्त दारात येऊन उभं राहावं.

पिशवी भरून धानाच्या ढोलीमागं टांगली हाये.

आई


२८ जुलै, सोमवार, नाल्याच्या काठावर

आचल,

मी आली. रपट्याच्या इकडच्या बाजूले उभी हाये. रपट्याचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला, नुसते खांब दिसतात. रीतानं बोलावलेली १०८ ची गाडी माह्या मागं उभी हाये, ती आत बसली हाये. मिथुन डोंगा घेऊन तुले आणाले येऊन राह्यला, अन् सोमारी त्याच्या संग हे पत्र घेऊन येते. रीताच्या फारमाच्या मागच्या बाजूले लिहून राह्यली. पाऊस हाये, अक्षर फुटते, तरी वाच. मोठ्यानं वाच, तुह्या सासूले ऐकू गेलं पाहिजे.

भागीरथाबाई, मी आचलची आई, अन्नपूर्णा. माहेरचं माणूस आलं. मी इकडून हात हालवून राह्यली, बाहेर येऊन पाहून घ्या. माह्या पोरीले डोंग्यात बसवा. पुढं जे होईन, बरं होवो का वाईट, तुमच्या पोरावर एक शब्द येणार नाई. आला तं मी त्याच्या समोर उभी राहीन. तुम्ही पण संग या.

आचल, आता हट्ट सोड. तू ये म्हणाली, मी आली. डोंग्यात डाव्या कुशीवर निज, उठून बसू नको. मी पाण्याले भेते तुले माहीत हाये, नाई तं मीच आली असती तिकडं.

सकाळचं सांगते, म्हणजे तू गाडीत येऊन विचारत बसणार नाई. श्रावणातला पहिला सोमवार. बापूजी ओसरीत पिंडीवर बेल वाहून राह्यले होते. दारात सोमारी, डोक्यावर टोपली. बापूजी ओरडले, "सोमवार हाये समजत नाई का व तुले? मासोयी घेऊन कुठी आली?" अन् ती काय म्हणाली? "बाई, ताजी हाये. घ्या ना." अन् डोळ्यातून पाणी.

मी म्हटलं, "आण आत." बापूजीच्या हातातला बेल तसाच राह्यला. आजूबाजूच्या बाया पाहून राह्यल्या होत्या. मी टोपली धरून देवाच्या समोरून आत नेली, अन् पानं उचलली तं टोपलीत मासोयी नव्हतीच. नुसती ओली पानं. मी दारात उभी राहा म्हटलं होतं, पण बिना टोपलीची ती आमच्या दारात उभी राहणार तरी कशी? म्हणून बिचारी रिकामी टोपली घेऊन शिव्या खाले आली.

मी ढोलीमागची पिशवी काढली. बापूजी म्हणाले, "कुठी?" म्हटलं, "पोट्टीकडं. सूज चढली तिले. माह्यासारखी." मंग म्हणाले, "उंबऱ्याच्या बाहेर गेली तं..." मी त्यायचं वाक्य पुरं होऊ नाई देलं. चप्पल पण नाई घातली. हे आता समजलं, पायाले खडे लागले तवा.

डोंगा निघतो म्हणतो मिथुन. लवकर ये माय. लवकर ये.

आई


३१ जुलै, गुरुवार, चंद्रपूर

आचलच्या बापूजीले,

तुम्हाले कधी पत्र लिहा लागीन असं वाटलं नव्हतं. एका घरात राहून काय लिहाचं? पण तुम्ही फोनवर बोलत नाई. रीताच्या फोनवरून लावला, मिथुनच्या लावला, दवाखान्यातल्या एका बाईच्या लावला. माहा आवाज ऐकला का बंद. म्हणून कागद.

सोमवारपासूनचं सांगते. तिले डोंग्यात आणली तवा ती शुद्धीवर होती. माहा हात धरला अन् म्हणाली, "आली तू." बस. गाडी पोंभुर्ण्याच्या पुढं गेली अन् तिले झटके आले. मी पाह्यले नव्हते कधी झटके. स्वतःले आलेले माणूस पाह्यत नाई. तुम्ही पाह्यले होते माह्या वेळी. तुम्ही कसे उभे राह्यले असान तवा, हे मले त्या गाडीत समजलं, अन् तुमच्यावरचा राग अर्धा तिथंच उतरला. अर्धा हाये अजून.

इथी नेल्या नेल्या सुई देली, अन् डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच ऑपरेशन करा लागते. सही कोण करते?" भागीरथाबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी मिथुनले म्हटलं, कर बाप्पा, तू नवरा हाये. केली त्यानं. त्याच्या खाली मी माहं नाव लिहिलं. तिथं माहं नाव कोणी मागतलं नव्हतं. पण मी भागीरथाबाईले शब्द देला होता.

पोरगी झाली. लहानशी हाये, पण रडली. आचलच्या बापूजी, मी भिंतीच्या ह्या बाजूले होती अन् तो रडाचा आवाज आला. भागीरथाबाई अन् मी एकमेकीच्या गळ्यात पडून इतक्या रडलो का नर्सनं दोघींले बाहेर काढलं.

नर्सबाईनं विचारलं, बाळाचे कपडे आणले का? मी पिशवी उघडली. तिनं पोरीले दुपट्यात गुंडाळून आणली अन् माह्या हातात देली.

आचलनं दीड दिवस डोळे उघडले नाई. डॉक्टर म्हणत होते वाट पाहा. मी अन् भागीरथाबाई पाळीपाळीनं दारात बसलो. ती बाई वाईट नाई हो. घरून भाकर आणली होती तिनं, पहिला तुकडा मले देला, मी नाई म्हटलं तं जबरीनं तोंडात घातला. काल दुपारी आचलनं डोळे उघडले. पोरगी बाजूले ठेवली तं पहिले पोरीच्या तोंडाकडं नाई पाह्यलं तिनं. दुपट्याले हात लावला, बोटानं काठ चाचपला, अन् म्हणाली, "हे तं बापूजीचं धोतर हाये." मंग विचारलं, "त्यायनं देलं?"

धोतर मी फाडलं हे तिले लिहिलं होतं, पण झटक्यापायी ती इसरली. मी हो म्हटलं. खोटं बोलली. आता ते खरं करणं तुमच्या हातात हाये.

हे पत्र घेऊन मिथुन तुमच्या दारात उभा हाये. त्यानं तीन दिवस झाले डोळा लावला नाई. मी त्याले सांगतलं, आत बोलावल्याशिवाय जाऊ नको, अन् हाकललं तं भांडू नको, पत्र उंबऱ्यावर ठेव अन् ये. त्याले उभं ठेवू नका. पाणी द्या. उपास असन तं साबुदाणा असन घरात, तो द्या.

मी घरी येते का नाई, हे तुम्ही ठरवा. तुमचा शब्द तुमच्याजवळ. पण तुम्ही नदीवर एकटेच गेले होते तवा. आपल्या पहिल्याले मी पाह्यलं नाई, अन् तुम्ही त्याचं तोंड कसं होतं हे मले कधी सांगतलं नाई. हिचं तोंड पाहून घ्या. म्हणून बोलावून राह्यली, दुसरं काई नाई.

येत असान तं ढोलीवर कापडी पिशवी हाये, ती भरा. माहं निळं लुगडं, माही चप्पल, देवळीतली खोबऱ्याच्या तेलाची शिशी, अन् आचलचं लहानपणचं टोपरं लाकडी पेटीत तळाशी हाये. लुगडं म्हटलं का उशी आणू नका. मिथुनच्या गाडीवर मागं बसा, तो सावकाश चालवते.

गाईले काई म्हणू नका, तिनं धोतर खाल्लं नव्हतं. अन् दांडीवरचं दुसरं धोतर पण आणा. दोन दुपटी पुरत नाई, पोट्टी घडीघडी ओलं करते.

अन्नपूर्णा